मणक्यात ‘गॅप’ आलाय म्हणे! जुन्या कंबरदुखीची कारणं आणि उपाय

कण्हेर (धागा)

‘मणक्यात गॅप आलाय’ हे मराठीतलं कंबरदुखीचं सर्वांत लोकप्रिय निदान. गंमत म्हणजे एक्स-रेत दिसतं ते नेमकं उलटं असतं. दोन मणक्यांमधली चकती (कुणी तिला गादी म्हणतं) वयाबरोबर पाणी गमावते, चपटी होते आणि मधली जागा कमी होते. गॅप येत नाही, होता तो जातो.

हा काथ्याकूट वाटेल, पण शब्दाचे परिणाम होतात. ‘गॅप’ ऐकलं की माणसाला आपला कणा खिळखिळा झाल्यासारखा वाटतो. मग वाकणं बंद, उचलणं बंद, कमरेला पट्टा आणि पाठ अंथरुणाला. काही आठवड्यांत स्नायूंची ताकद आणि दमसास इतका उतरतो की साधी बादली उचलली तरी कंबर धरते. पुढे त्याचंही खापर गॅपवरच फुटतं.

साधी उसण किंवा लचक बहुतेक वेळा सहा आठवड्यांत पुष्कळशी ओसरते. १२ आठवड्यांच्या पुढे टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. धागा त्याबद्दल आहे.

कमरेत पाच मणके, एल-१ ते एल-५. त्याखाली त्रिकास्थी (कण्याच्या बुडाशी असलेलं तिकोनी हाड), तिचा वरचा भाग एस-१. लागोपाठच्या दोन मणक्यांमध्ये तीन सांधे असतात: पुढे चकती, मागे दोन्ही बाजूंना छोटे फॅसेट सांधे. चकतीच्या बाहेर चिवट तंतूंची कडी, आत ओलसर गर. प्रौढ माणसाच्या चकतीला जवळजवळ रक्तपुरवठा नसतो, वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपेल त्यावर ती जगते. दाब पडणं-सुटणं हाच तिचा पंप, म्हणून हालचाल हवी.

यातलं नेमकं काय दुखतंय हे दहापैकी नऊ जणांत एका भागावर बोट ठेवून सांगता येत नाही. दुखणं खोटं आहे असा याचा अर्थ नव्हे. आधी ‘गंभीर काही आहे का’, मग ‘नस दबली आहे का’, आणि ही दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली की उरलेलं, या क्रमानं बघायचं असतं. बहुतेक लोक एमआरआयपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

---

रानवाटा

क्रम योग्य आहे, म्हणून गंभीर गोष्टी आधी.

कण्याच्या नळीत खालच्या बाजूला नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. मोठी चकती सरकून तो सगळाच दाबला गेला तर सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होतो: जांघेची आतली बाजू, गुप्तांग, गुदद्वाराभोवती. लघवी तुंबते, किंवा होते पण झालेली कळत नाही. शौचावरचा ताबा जातो. दोन्ही पायांत कळा किंवा अशक्तपणा येतो. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, आपत्कालीन विभाग गाठायचा. या नसा जितका वेळ दबून राहतील तितकी लघवीचा ताबा परत येण्याची शक्यता घटते. लोक लाजेपोटी हे लक्षण सांगत नाहीत आणि कधीकधी विचारणाराही विचारत नाही.

तातडी एवढी नाही, पण टाळायचंही नाही अशी दुसरी यादी: ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग, महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, उतारवयात किरकोळ पडण्यानंतर एकाच मणक्यावर ठणकणारं दुखणं (हाडं ठिसूळ झाल्यावर मणका पिचतो), आणि कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं. मणक्याचा क्षयरोगही लक्षात असू द्या. त्यात खोकला नसू शकतो आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ निघू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणं आणि एका ठरावीक मणक्यावर बोटानं ठोकल्यावर कळ येणं, हे एकत्र दिसलं तर तपासणी लांबवू नये.

---

पाचवा_कोपरा

एमआरआयच्या रिपोर्टातले शब्द वाचूनच कंबर जास्त दुखायला लागते. ‘डेसिकेशन’, ‘डिफ्यूज बल्ज’, ‘इंडेंटिंग द थीकल सॅक’. यातल्या कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे कुणी सांगेल का?

---

दिवाभीत

डेसिकेशन म्हणजे चकती सुकली. वयाची खूण आहे, पांढऱ्या केसांसारखी. बल्ज म्हणजे चकती सगळीकडून थोडी फुगून मणक्याच्या कडेबाहेर आली. प्रोट्रूजनमध्ये ती एका ठिकाणी बाहेर येते पण बुड रुंद असतं, एक्सट्रूजनमध्ये मान अरुंद आणि डोकं मोठं, सिक्वेस्ट्रेशनमध्ये तुकडा तुटून वेगळा पडतो. ‘इंडेंटिंग द थीकल सॅक’ म्हणजे नसांभोवतीच्या पिशवीला बाहेरून टेकली. पिशवीत पाणी असतं, नसा त्यात सरकून जागा करून घेतात. त्यामुळे नुसतं टेकणं म्हणजे नस दबणं नव्हे.

२०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांची चित्रं होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज आणि ३० टक्क्यांत बल्ज, ऐंशीतल्या लोकांत हेच आकडे ९६ आणि ८४ टक्के. पुन्हा सांगतो, न दुखणारे लोक.

मग रिपोर्टात बघायचं काय? ‘नर्व्ह रूट कॉम्प्रेशन’ (नसेचं मूळ दबणं) किंवा ‘सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस’ (कण्याची नळी फार अरुंद होणं) असे शब्द आहेत का. असतील तर त्याच बाजूचा, त्याच नसेच्या हद्दीतला पाय दुखतोय का. रिपोर्टात उजवी एस-१ नस आणि मुंग्या डाव्या अंगठ्यात, असं असेल तर ते चित्र त्या दुखण्याचं नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआयनं उपचार सहसा बदलत नाहीत, काळजी तेवढी वाढते.

अवांतर: चित्रात भीतीदायक दिसणारा मोठा सुटा तुकडा आपोआप विरघळण्याची शक्यता साध्या बल्जपेक्षा जास्त असते. शरीर त्या गराला परका समजतं आणि पेशी येऊन तो खाऊन टाकतात. बल्जच्या वाट्याला कुणी जात नाही.

---

कण्हेर

दिवाभीत, ‘त्याच नसेच्या हद्दीतला’ हे फार महत्त्वाचं, म्हणून ती हद्द सांगून टाकतो. चकती सरकण्याच्या दहापैकी नऊहून अधिक घटना शेवटच्या दोन ठिकाणी होतात: एल-४-५ आणि एल-५-एस-१.

एल-५ नस दबली तर नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूवर, अंगठ्याकडे मुंग्या किंवा बधिरपणा. पायाचा अंगठा वर उचलायला जोर कमी पडतो, टाचांवर चालताना पाऊल खाली पडतं. एस-१ दबली तर पोटरीच्या मागून पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीकडे. चवड्यावर उभं राहणं जड जातं, घोट्यामागे हातोडीनं मारल्यावर येणारा झटका कमी होतो. एल-४ मध्ये मांडीच्या पुढून नडगीच्या आतल्या बाजूला, आणि गुडघ्याचा झटका मंद.

घरी बघायचं तर भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली व्हा, मग दुसऱ्या. एक बाजू दहा आणि दुसरी चारवर थकली तर तो फरक डॉक्टरांना आकड्यात सांगा. आठवड्याला मोजा. आकडा घसरत असेल तर थांबायचं नाही. नुसती कळ वाट बघू शकते, वाढता अशक्तपणा नाही.

गुडघ्याच्या वरच थांबणारं मांडीतलं दुखणं बहुधा सायटिका (नस दबून पायात उतरणारं दुखणं) नसतं. कमरेचे स्नायू आणि सांधेही कुल्ल्यात आणि मांडीत दुखणं ‘पाठवतात’. ते बोथट, पसरट असतं. नसेचं दुखणं विजेच्या तारेसारखं, रेघेत जातं, आणि शिंकलं-खोकलं की चमकतं.

---

सांजवारा

साठीनंतरचा एक नमुना इथे यायलाच हवा. पाच-दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. हा नळी अरुंद होण्याचा (स्टेनोसिस) नमुना. पुढे वाकल्यावर नळी थोडी रुंदावते, म्हणून ढकलगाडीवर रेलून माणूस लांब चालतो, सायकल मजेत चालवतो, पण ताठ उभं राहून दहा मिनिटं काढू शकत नाही. चढ सोपा, उतार अवघड.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. फरक असा की तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही, आणि सायकलवरही दुखतं. पावलाची नाडी तपासली की बराच उलगडा होतो. ही गल्लत झाली तर कमरेचे व्यायाम वर्षभर चालतात आणि रोग रक्तवाहिनीत राहतो.

मणका पुढे सरकणं (स्पॉन्डिलोलिस्थेसिस) यातलंच भावंड. २५ टक्क्यांपर्यंत सरकला तर पहिली श्रेणी, ५० पर्यंत दुसरी. पहिल्या श्रेणीवाले बहुतेक जण व्यायामावरच राहतात. शब्द ऐकून मणका निखळून पडेल असं वाटतं, तसं काही होत नाही.

---

बिनीचा_वाचक

तरुणांचं काय? पंचविशीत रोज सकाळी कंबर लाकडासारखी होते अशा माणसाला बहुतेक वेळा ‘बसून काम करतोस म्हणून’ एवढंच सांगितलं जातं.

---

रानवाटा

याच उत्तरापायी एक आजार वर्षानुवर्षं लपून राहतो: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कण्याच्या सांध्यांचा दाह) आणि त्याचे भाऊबंद. सुरुवात ४५ च्या आत, बहुधा विशी-तिशीत, हळूहळू. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त. उत्तररात्री दुखण्यानं जाग येते, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. कुल्ला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दुखतो. खूण अशी की विश्रांतीनं वाढतं आणि हालचालीनं कमी होतं, म्हणजे यांत्रिक (हालचालीनं वाढणाऱ्या नेहमीच्या) कंबरदुखीच्या उलट. सोबत डोळा लाल होऊन दुखणं, सोरायसिस, टाचेचं दुखणं किंवा जुनाट जुलाब असतील तर संशय पक्का.

यात साध्या एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागू शकतात, त्रिकास्थीच्या सांध्यांचा एमआरआय लवकर दाखवतो. कमरेचा नेहमीचा एमआरआय केला तर ते सांधे नीट येतच नाहीत, म्हणून कागदावर ‘सॅक्रोइलिॲक सांधे’ असं स्पष्ट लिहून घ्यावं. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी मदत करते, पण ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. संधिवाततज्ज्ञाकडे जायचं. इथे दाह कमी करणाऱ्या गोळ्या खरंच मोठा फरक पाडतात. त्यांनी भागलं नाही तर ॲडालिमुमॅबसारखी जैविक औषधं असतात. व्यायाम शेवटपर्यंत.

---

दोरीउडी

उरलेल्या मोठ्या गटाकडे येते. फॅसेट सांधे मागे वाकताना आणि वळताना दुखतात. सॅक्रोइलिॲक सांधा असेल तर माणूस पट्ट्याच्या खाली, बाजूच्या खळीजवळ एका बोटानं जागा दाखवतो. चकतीचं दुखणं पुढे वाकून, बसून आणि सकाळी जास्त. हे पक्के कप्पे नाहीत. व्यायाम ठरवताना एकच प्रश्न उपयोगी पडतो: कुठल्या दिशेला वाकल्यावर दुखणं *आत* येतं?

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी ही दिशेची कल्पना रूढ केली. पोटरीतलं दुखणं मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात, कुल्ल्यातलं कमरेत आलं तर ती दिशा बरोबर, मग भले कमरेत थोडं जास्त दुखो. उलट कंबर हलकी वाटली पण मुंग्या पावलात उतरल्या तर दिशा चुकली. लोक नेमकं इथेच चुकतात. ते ‘किती दुखतं’ मोजतात, ‘कुठे दुखतं’ बघत नाहीत.

पुढे वाकून वाढणाऱ्या दुखण्यासाठी: पालथं पडा, दोन-तीन मिनिटं काही करू नका. मग कोपरांवर या, आणखी दोन मिनिटं. पायात काही उतरलं नाही तर तळहात खांद्यांखाली ठेवून छाती उचला, कंबर आणि कुल्ले जमिनीवर ढिले सोडून. कोपर पुरते सरळ झाले नाहीत तरी चालेल. एक-दोन सेकंद थांबून खाली. असं दहा वेळा, दिवसातून सहा ते आठदा. भुजंगासनाशी गल्लत करू नका. तिथे पाठीचे स्नायू ओढतात, इथे पाठ झोपलेली आणि काम दंडांचं. कुल्ले आवळले की अर्धा परिणाम गेला. सांजवारा यांनी सांगितलेला अरुंद नळीचा नमुना असेल तर हा व्यायाम करू नये. तिथे उलट, उताणं पडून गुडघे छातीशी घेतल्यानं बरं वाटतं.

नसेचं दुखणं चालू असताना मांडीमागचा भाग ताणायचा मोह आवरा. घट्ट वाटतो तो बहुतेकदा स्नायू नसतो, चिडलेली नस असते, आणि ताणून धरली की रात्री सूड घेते. ताणण्याऐवजी सरकवा: खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. एका टोकाला नस ओढली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला सुटते. दहा वेळा, हळू, मुंग्या सुरू व्हायच्या आत थांबून.

---

पाचवा_कोपरा

आणि ताकदीचं? ‘कोअर’ म्हणजे पोटाच्या बैठका का?

---

दोरीउडी

पडून पूर्ण उठायच्या बैठका नकोत. त्यात कंबर दर वेळी दाबाखाली दुमडते. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम पुरतात. पहिला: उताणं पडून एक गुडघा वाकवलेला, हाताचे पंजे कमरेच्या पोकळीखाली, डोकं आणि खांदे जमिनीपासून इंचभर वर. दुसरा: कुशीवर कोपर आणि गुडघ्यांवर अंग तोलणं, नंतर गुडघ्यांऐवजी पावलांवर. तिसरा: रांगायच्या स्थितीत एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरा. आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. दमसास वाढवायचा तर वेळ न वाढवता आवर्तनं वाढवा. तिसऱ्यात पाय फार वर नेला की कंबर खड्ड्यात जाते. कमरेवर पाण्याचा पेला ठेवलाय अशी कल्पना करा.

एवढ्यावर थांबू नका, कारण आयुष्यात वजनं उचलावी लागतातच. पाठीला काठी लावा: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही टेकलेले. गुडघे किंचित सैल ठेवून बूड मागे ढकला. काठी कुठेही न सुटता जेवढं वाकता येईल तेवढंच. हे जमलं की हातात पाच ते आठ किलो, आठ-आठच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. दोन आठवडे सहज झालं की वजन थोडंसं वाढवा. दुसऱ्या दिवशी स्नायू भरून आले तर हरकत नाही. नेहमीचं दुखणं चोवीस तासांनीही वाढलेलं असेल तर वजन एक पायरी खाली आणा. व्यायाम बंद करू नका.

चालणं वेगळं. २०२४ च्या एका चाचणीत नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांना घेतलं. अर्ध्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली चालायला लावलं, हळूहळू दिवसाला अर्धा तास, आठवड्याला पाच दिवसांपर्यंत. दुखणं परत येईपर्यंतचा मध्यक काळ चालणाऱ्यांत २०८ दिवस, न चालणाऱ्यांत ११२.

---

तिरकस

सरळ बसा, वाकू नका, पट्टा लावा, फळीवर झोपा. हे सगळं मग फुकटच म्हणायचं?

---

कण्हेर

बरंचसं.

फळी: २००३ मध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना कडक आणि मध्यम-कडक गाद्या वाटून पाहिल्या. तीन महिन्यांनी मध्यम गादीवाले पुढे होते.

सरळ बसणं: बसल्यावर चकतीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे जुन्या मोजमापांवरून सगळीकडे पसरलं. १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या एल-४-५ चकतीत दाबमापक बसवून मोजलं (माणूस एकच, हे ध्यानात ठेवून वाचा). उभं राहून ०.५ मेगापास्कल, सैल बसून ०.४६, पडून ०.१. म्हणजे बसणं हा गुन्हा नव्हे, दोन तास न हलता बसणं हा आहे. तीस-चाळीस मिनिटांनी उठा, एवढं पुरे. तऱ्हेवाईक महाग खुर्चीही हे काम तुमच्यासाठी करत नाही.

त्याच मोजमापात २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना दाब २.३, गुडघे वाकवून १.७. तेच वजन अंगाशी धरलं तर १.१, पण छातीपासून ६० सेंटिमीटर पुढे धरलं तर १.८. गुडघे वाकवून वस्तू लांब धरण्यात काही कमाई नाही, हे लोकांना सांगितलंच जात नाही. आधी वस्तू अंगाशी घ्या.

पट्टा: जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात पट्टे आणि वजनं लावून कंबर ओढणं (ट्रॅक्शन) यांची नियमित वापरासाठी शिफारस नाही. अफूवर्गीय वेदनाशामकांचीही नाही.

---

सांजवारा

पट्ट्याबद्दल किंचित असहमत. पिचलेल्या मणक्यात पहिले काही आठवडे, किंवा तीव्र उसणीत दोन तासांचा प्रवास निभवायला पट्टा लावला तर बिघडत नाही. लोक तो सहा महिने काढतच नाहीत, खरी तक्रार ती.

वाकण्याबद्दल मात्र एक जुनी सूचना खरीच उपयोगी आहे. रात्रभर चकती पाणी शोषून फुगते आणि सकाळी वाकताना तिच्या कड्यांवर ताण दिवसापेक्षा बराच जास्त येतो. १९९८ च्या एका चाचणीत जुनाट दुखणाऱ्यांना फक्त सकाळचं वाकणं टाळायला शिकवलं, तेवढ्यानंही दुखणं कमी झालं. उठल्यावर पहिला तास मोजे घालायला वाकू नका, बसून पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवा. जड उचलायचं ते तासाभरानं.

---

मात्रा

गोळ्यांबद्दल. नुसतं पॅरासिटामॉल कंबरदुखीत फारसं काही करत नाही, २०१४ च्या मोठ्या चाचणीत तीव्र दुखण्यातही ते औषध नसलेल्या साखरेच्या गोळीइतकंच ठरलं. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक थोडी मदत करतात, पण कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस. उच्च रक्तदाबाच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या), सोबत लघवीची गोळी आणि वर हे वेदनाशामक, असं त्रिकूट मूत्रपिंडाला महागात पडतं. पोटात पूर्वी व्रण झाला असेल, हृदयविकार असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर स्वतःच्या मनानं घ्यायचीच नाहीत.

दुसरी चूक जोडगोळ्यांची. एकाच गोळीत डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि स्नायू सैल करणारं औषध असतं. वर तापासाठी वेगळं पॅरासिटामॉल आणि गुडघ्यासाठी दुसरं वेदनाशामक घेतलं की कशाची किती मात्रा झाली हे कुणालाच कळत नाही. पाकिटामागचे घटक वाचा.

प्रेगाबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध सायटिकासाठी सर्रास लिहून दिलं जातं. २०१७ च्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर पायाच्या दुखण्यात साखरेच्या गोळीपेक्षा फरक नव्हता, चक्कर मात्र जास्त होती. चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून उतरवत आणा. ड्युलोक्सेटिन काही जणांना जुनाट दुखण्यात थोडं लागू पडतं, तेही अचानक थांबवायचं नसतं. बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या. पातळी ठीक असताना ‘नसांचं टॉनिक’ म्हणून घेतल्यानं दबलेली नस सुटत नाही.

---

दिवाभीत

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया थोडक्यात. नसेजवळ दिलेलं स्टिरॉइड पायाच्या दुखण्याला काही आठवडे ते तीनेक महिने आराम देऊ शकतं, नुसत्या कमरेच्या दुखण्याला सहसा नाही. मधुमेह असेल तर नंतरचे काही दिवस साखर चढते, ती मोजत राहा. फॅसेट सांध्याची बारीक नस उष्णतेनं जाळून बधिर करतात, पण त्याआधी भुलीचं चाचणी-इंजेक्शन देऊन दुखणं खरंच थांबतं का हे बघायला हवं. ही पायरी गाळून थेट दुसरी सुचवली तर कारण विचारा. नस पुन्हा वाढते, त्यामुळे फायदा साधारण सहा महिने ते वर्षभर.

चकतीचा सरकलेला तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया *पायासाठी* असते. २००७ मध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांचे दोन गट केले, लगेच शस्त्रक्रिया किंवा वाट बघणं. लगेच केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभरानं दोन्ही गटांत ९५ टक्के बरे होते. वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया लागलीच. म्हणजे पाऊल लुळं पडत नसेल तर घाईही नाही आणि थांबणं म्हणजे मूर्खपणाही नाही. नुसती कंबर दुखते म्हणून मणके स्क्रूनं जोडून घेण्याआधी मात्र दुसऱ्या शल्यविशारदाचं मत घ्यावंच.

---

बिनीचा_वाचक

एक शंका राहिली. चकती बरी झाली, एमआरआय सुधारला, तरी दुखणं चालूच, हे कसं?

---

रानवाटा

दुखणं फार दिवस चाललं की मज्जासंस्थेचा आवाज वाढवलेला राहतो. धुराची घंटा टोस्ट भाजला तरी वाजावी तसं. झोप मोडणं, वाकण्याची भीती आणि कामावरचा ताण हे आवाज आणखी चढवतात. ‘मनाचा खेळ आहे’ असं कुणी म्हटलं तर ते चूक, घंटा खरीच वाजतेय. इथे गोळ्यांपेक्षा टाळलेल्या हालचाली पायरीपायरीनं परत आणणं, झोप सुधारणं आणि गरज पडली तर समुपदेशन यांचा उपयोग जास्त.

---

पाचवा_कोपरा

आणि मध्येच कधी पुन्हा उसण भरली तर? सगळं थांबवायचं?

---

दोरीउडी

पहिले एक-दोन दिवस उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, मांड्या आणि पोटऱ्या काटकोनात, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा. मध्ये तासातासाला उठून घरातच चालायचं, चार मिनिटं का होईना. शेक बरा वाटला तर शेक, बर्फ बरा वाटला तर बर्फ, कातडी आणि पिशवीच्या मध्ये कापड ठेवून. दोन दिवसांपेक्षा जास्त सलग पडून राहू नका. तिसऱ्या दिवसापासून चालणं आणि तिन्ही व्यायाम नेहमीच्या निम्म्यानं, वजनं बंद. आठवड्याभरात वजनं परत, आधीच्या निम्म्यावरून. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका: कुशीवर वळा, पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी हातानं वर ढकला.